लांब इंग्रजी शब्द आणि हवी ती अक्षरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी तर्री-पोहे झाले की आमच्याकडे नागपुरात स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांचे ठोकळे पटावर लावून इंग्रजी शब्द करण्याच्या खेळाचा, डाव मांडतात. येणाऱ्यांत दहावीतली पोरं असतात, बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, मेडिकलचे विद्यार्थी असतात. डावापेक्षा प्रश्नच जास्त होतात, आणि तेच ते होतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली. इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहिले आहेत. स्पेलिंगवर मुद्दा अडतो तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

अमुक अक्षरं असलेला लांब शब्द हवा आहे. सुरुवात कुठून करायची?

आधी ‘असलेला’ म्हणजे काय ते ठरवा. निम्मे लोक इथेच अडकतात, कारण या एका शब्दात तीन वेगळे प्रश्न लपलेले असतात.

पहिला प्रश्न असा: ही अक्षरं शब्दात कुठेही असू देत, सोबत बाकी कोणतीही चालतील. शब्दकोडी रचणारे आणि गंमत म्हणून शोधणारे बहुधा हेच विचारतात. दुसरा: याच अक्षरांतून शब्द करायचा, बाहेरचं एकही घ्यायचं नाही. स्क्रॅबलमध्ये हातात सात ठोकळे असतात तेव्हा हा प्रश्न पडतो. न्यू यॉर्क टाइम्सच्या ‘स्पेलिंग बी’ या शब्दखेळातही तोच आहे, फक्त तिथे एकच अक्षर कितीही वेळा वापरता येतं आणि दिलेल्या सात अक्षरांतलं मधलं अक्षर शब्दात यावंच लागतं. तिसरा प्रश्न शब्दकोडं सोडवणाऱ्यांचा: तिसऱ्या घरात एक्स आहे, नवव्यात वाय आहे, मधलं भरा.

तिन्हींची रीत वेगळी. पहिल्यात शब्दाच्या शेपटीपासून मागे यायचं. दुसऱ्यात हातातली अक्षरं उलटीसुलटी मांडून बघायची. तिसऱ्यात घरं मोजायची. वेबसाइटवर शोधतानाही चुकीच्या रकान्यात अक्षरं टाकली की पानभर भलतेच शब्द समोर येतात आणि माणूस म्हणतो, ‘ही साइट बेकार आहे.’

‘नागपूर’ची सगळी अक्षरं असलेला शब्द आहे का?

नवीन आलेला प्रत्येक जण हे विचारतोच. आहे, आणि एक नाही, भरपूर आहेत. रीत समजायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अक्षरं सहा: एन, ए, जी, पी, यू, आर. आता यातली कोणती अक्षरं एखादी शेपटी फुकटात देते ते बघा. ‘इंग’ ही शेपटी आय-एन-जी आहे, म्हणजे एन आणि जी तिथेच मिटले. उरले ए, पी, यू, आर. ही चार अक्षरं असलेलं क्रियापद शोधलं की काम झालं. कॅप्चर घ्या, कॅप्चरिंग होतं. पर्चेस घ्या, पर्चेसिंग. अपग्रेड घ्या, अपग्रेडिंग. हे नऊ-दहा अक्षरांचे झाले. आणखी ताणायचं असेल तर परपेच्युएटिंग आणि पाश्चरायझिंग बारा-बारा अक्षरांचे आहेत, सुपरचार्जिंग तेरा.

आता दुसरी वाट. ‘ग्राफ’ या तुकड्यात जी, आर, ए, पी असे चार एकदम येतात. उरले एन आणि यू. रामदासपेठेतून चक्कर मारा, दवाखान्यांच्या पाट्यांवर उत्तर लिहिलेलं आहे. सोनोग्राफीत एन आहे, आणि तिला पुढे ‘अल्ट्रा’ लावलं की यूसुद्धा येतो. अल्ट्रासोनोग्राफी: पंधरा अक्षरं, सहाही हजर.

तिसरी वाट पुढून जाते. ‘न्यूरो’ एन, यू, आर देतो. त्याला सायकॉलॉजिकल जोडा, पी, जी आणि ए त्यात आहेत. न्यूरोसायकॉलॉजिकल अठरा अक्षरांचा, आणि शेवटी एल-वाय लावलं की वीस. ‘काउंटर’ लावून काउंटरप्रोपगंडा केला तर सतरा.

तिन्ही वेळा केलं एकच. लांब इंग्रजी शब्द बहुधा तुकडे जोडून झालेला असतो, म्हणून शोध तुकड्यांचा घ्यायचा. सहा अक्षरं सुटी सुटी डोक्यात घोळवत बसलात तर संध्याकाळ होईल.

आणि ‘ऑरेंज’ची?

संत्र्याचं गाव म्हटल्यावर हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. ओ, आर, ए, एन, जी, ई. रीऑर्गनायझेशनमध्ये सहाही आहेत, चौदा अक्षरं. इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राममध्येही आहेत, वीस अक्षरं. याच सहा अक्षरांची फक्त जागा बदलली तर ऑनेजर होतो, ओ-एन-ए-जी-ई-आर, म्हणजे रानगाढव. कच्छच्या छोट्या रणातलं रानगाढव त्याच जातकुळीचं. पोरांना ही गोष्ट संत्र्यापेक्षा जास्त आवडते.

कोणत्या शेपट्या पाठ करून ठेवाव्यात?

पाठ करू नका. दहा-बारा ओळखीच्या झाल्या तरी पुरे. सर्वांत कामाची ‘आयझेशन’, कारण ती सात अक्षरांची आहे आणि झेडचा प्रश्न सोडवून देते. इन्स्टिट्यूशनलायझेशन आणि कंपार्टमेंटलायझेशन हे दोन्ही वीस अक्षरांचे शब्द तिच्याच जोरावर उभे आहेत. मग ‘इकली’, ‘अॅबिलिटी’, ‘ऑलॉजी’, ‘अस्‌नेस’, ‘मेंट’, ‘एबल’. पुढून जोडायला ‘काउंटर’, ‘इंटर’, ‘ट्रान्स’, ‘हायपर’, ‘इलेक्ट्रो’, ‘अन’, ‘डिस’.

झेड की एस, हा वाद इथे हमखास निघतो, कारण आपल्याला शाळेत एस शिकवलेला असतो. दोन्ही बरोबर. ऑक्सफर्डची स्वतःची पसंती तर झेडला आहे, त्यामुळे झेड म्हणजे अमेरिकन हा समज सोडून द्या.

क्यू आला, यू नाही. आता काय करू?

घाबरू नका. यूशिवायचे क्यूवाले शब्द स्क्रॅबलच्या स्पर्धांत वापरतात त्या कॉलिन्सच्या शब्दयादीत बरेच आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातले कित्येक आपल्या रोजच्या कानावरचे आहेत. फकीर एफ-ए-क्यू-आय-आर असाही लिहितात. निकाब आहे. कनात आहे, पण तो मांडवाचा नाही, जमिनीखालून पाणी नेणारा इराणी कालवा, क्यू-ए-एन-ए-टी. सर्वांत छोटा क्यू-आय, उच्चार ‘ची’. आणि माझा लाडका कव्वाली: क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. बरोबर सात अक्षरं, म्हणजे हातातले सातही ठोकळे एका दमात जातात आणि वरचे 50 गुण मिळतात. पिशवीत डब्ल्यू दोनच असतात, दोन्ही लागतात. तेवढं नशीब हवं.

यू सोबत असेल तर लांब शब्दांची ददात नाही. सीक्वेंट, ईक्वल, क्विंट हे तुकडे आणि एस्क ही शेपटी आठवा. इनकॉन्सिक्वेन्शियली सतरा अक्षरांचा, क्विंटेसेन्शियली सोळा, इक्वलायझेशन बारा आणि त्यात झेडही. पिक्चरेस्क अकरा.

मराठी कानाला मात्र क्यू फसवतो. ‘क्व’ ऐकू आलं की आपण क्यू ओळखतो, पण मॉस्किटो, लिकर, काँकर, बुके, अँटीक, बँकेचा चेक या सगळ्यांत क्यू आहे आणि ‘क्व’ कुठेच ऐकू येत नाही. एक्सचेकर घ्या: ई-एक्स-सी-एच-ई-क्यू-यू-ई-आर. एक्स आणि क्यू एकाच शब्दात, आणि कानाला त्यातला क्यू साधा क वाटतो.

जे, एक्स आणि झेडचं काय?

तिघांत झेड सर्वांत सोपा, कारण वर सांगितलेली शेपटी. एक्स बहुतेक वेळा ‘एक्स’ (ई-एक्स) किंवा ‘प्रॉक्स’सारख्या तुकड्यात बसतो, अप्रॉक्झिमेटली तेरा अक्षरांचा. झायलोफोन ऐकून लोक झेडकडे धावतात, तो एक्सने सुरू होतो.

जे खरा त्रासदायक. नेहमीच्या एकाही शेपटीत तो नाही. तो शब्दाच्या तोंडाशी असतो नाहीतर एखाद्या उपसर्गाच्या लगेच मागे. म्हणून जेसाठी मुळं धरायची: जेक्ट, जंक्ट, जस्ट, ज्युरी. त्यावरून ऑब्जेक्शनेबल, मॅलअॅडजस्टमेंट, कंजंक्टिव्हायटिस, ज्युरिसडिक्शनल. शेवटचे दोन चौदा अक्षरांचे आहेत. जेने संपणारे शब्द इंग्रजीत हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि त्यातले बरेचसे आपल्याच बाजूचे: राज, ताज, स्वराज.

पिझाझ हा शब्द लावता येतो का?

नाही. त्यात चार झेड आहेत: पी-आय-झेड-झेड-ए-झेड-झेड. पिशवीत झेड एक आणि कोणत्याही अक्षराच्या जागी चालणारे कोरे ठोकळे दोन, बेरीज तीन. शब्द यादीत आहे, पटावर येऊ शकत नाही.

लांब शब्दाला जास्त गुण मिळतात का?

लांबीला म्हणून वेगळे गुण नाहीत. अक्षरांचे गुण, रंगीत घरांचा फायदा आणि सातही ठोकळे एकदम लावले तर 50. त्यामुळे पटावरच्या एका अक्षराला आपली सात जोडून केलेला आठ अक्षरी शब्द हा खरा नेहमीचा लांब शब्द. पट 15 बाय 15 घरांचा असल्यामुळे पंधराच्या पुढे विषयच नाही, आणि पंधराचा शब्द लावलेला मी पाहिलेला नाही. वीस अक्षरांचे शब्द शोधायचे ते शब्दाच्या नादासाठी, गुणांसाठी नाही. दोन छंद वेगळे आहेत, हे मान्य केलं की पुष्कळ वाद मिटतात.

क्यूला दहा गुण आणि ईला एक, हे ठरवलं कोणी?

आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने. 1930 च्या दशकातल्या मंदीत हाताला काम नव्हतं, तेव्हा त्याने हा खेळ रचला. वर्तमानपत्राची पानं घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून ठोकळ्यांची संख्या आणि गुण ठरवले. 100 ठोकळ्यांत ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ. क्यू, झेड, जे, एक्स, के एकेकच. ‘स्क्रॅबल’ हे नाव नंतरचं, 1948 मधलं, खेळ बाजारात आणणाऱ्या जेम्स ब्रूनो याच्या वेळचं. एस मात्र चारच ठेवले, नाहीतर जो तो शब्दाला एस लावून अनेकवचनं करत बसला असता.

हा प्रयोग घरी करण्यासारखा आहे. ‘हितवाद’ या इंग्रजी वर्तमानपत्राचं एखादं पान घ्या आणि एका परिच्छेदातली अक्षरं मोजा. ई पुढे जाईल. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: वर्तमानपत्रात टी आणि एच फुगलेले दिसतात, कारण टी-एच-ई हा शब्द ओळीओळीला येतो. शब्दकोशात तो एकदाच असतो. तुम्ही शोध शब्दयादीत घेणार असाल तर पानावरची मोजणी जशीच्या तशी लागू पडत नाही.

इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता?

ज्याला हा प्रश्न पडतो त्याला मी परत विचारतो, ‘कोणत्या यादीतला?’ मोठ्या शब्दकोशांत छापलेला सर्वांत लांब शब्द 45 अक्षरांचा: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. बारीक सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन होणारा रोग. डॉक्टर त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. हा शब्द 1935 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम सर्वांत लांब व्हावा म्हणूनच तयार केला. म्हणजे हा शब्द सापडलेला नाही, घडवलेला आहे, आणि माझ्या लेखी त्याची किंमत तेवढीच.

त्याच्या खालचे दोन नेहमी ऐकू येतात: 29 अक्षरांचा फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन, म्हणजे एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं, आणि 28 अक्षरांचा अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम. दुसरा निदान इंग्लंडच्या चर्च आणि राज्यसत्तेच्या खऱ्या वादातून आला आहे. दवाखान्यात प्रत्यक्ष वापरला जाणारा हवा असेल तर इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी घ्या, 26 अक्षरं. अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचं तोंड दुर्बिणीतून बघणं, तिन्ही एका शब्दात.

मेडिकलच्या मुलांनाच लांब शब्द इतके पटकन कसे सुचतात?

ते हुशार असतात हे खरंच, पण मुख्य कारण वेगळं. पहिल्या वर्षापासून ते ग्रीक-लॅटिन तुकड्यांतच वावरत असतात. कोलेसिस्टेक्टमी हा पंधरा अक्षरांचा शब्द त्यांना लांब वाटतच नाही. त्यांच्यासाठी तो पित्त, पिशवी आणि कापून काढणं असे तीन तुकडे आहेत. त्यांच्या शेजारी बसा. एखाद्या अक्षरावर अडलात की विचारा, ‘पी आणि वाय दोन्ही असलेला एखादा आजार सांग बे.’ वहीभर मिळतील.

ऐकून स्पेलिंग लिहायला गेलो की अक्षर निसटतं. उपाय?

देवनागरीची सवय आहे, जे बोलतो ते लिहितो, म्हणून हे होतं. एकेका आवाजामागे किती अक्षरं लपतात ते एकदा वहीत मांडा. ‘फ’साठी एफ, पी-एच, कधी जी-एच. ‘स’साठी एस, सी, एस-सी, पी-एस. ‘न’साठी एन, के-एन, जी-एन, पी-एन. ‘र’साठी आर, डब्ल्यू-आर, आर-एच. एखादं अवघड अक्षर शोधताना आधी त्याच्या मुक्या जागा तपासा: सायकॉलॉजीतला पी, न्यूमोनियातला पी, रिदममधला एच. रिदमचं अनेकवचन तर सात अक्षरांचं आहे आणि त्यात ए, ई, आय, ओ, यूपैकी एकही नाही. उलट स्ट्रेंग्थ्स हा नऊ अक्षरांचा शब्द एका स्वरावर चालतो.

एकही अक्षर दोनदा न येणारा लांब शब्द?

अनकॉपीराइटेबल: यू-एन-सी-ओ-पी-वाय-आर-आय-जी-एच-टी-ए-बी-एल-ई. पंधरा अक्षरं, पंधराही वेगळी. दुसरा डर्मॅटोग्लिफिक्स, बोटांच्या ठशांचा अभ्यास, तोही पंधराचा.

पाचही स्वर असलेला?

एज्युकेशन. शाळेच्या पाटीवर रोज बघतो आणि लक्षात येत नाही. ओळीने हवे असतील तर फेसिशस, आणि वायसुद्धा शेवटी ओळीत हवा तर फेसिशसली.

कॉम्प्युटरवर स्वतः शोधायचं असेल तर?

तयार वेबसाइट पुष्कळ आहेत. वनलुकवर प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतंही एक अक्षर आणि तारा म्हणजे कितीही अक्षरं. दोन ताऱ्यांमध्ये जेक्टची चार अक्षरं टाकली की तो तुकडा असलेले सगळे शब्द येतात. शब्दकोड्यासाठी हे पुरेसं आहे.

पण तीन-चार अक्षरं कोणत्याही क्रमाने हवी असतील तर स्वतःची यादी उत्तम. गूगल शीट्समध्ये एका स्तंभात शब्द टाका, शेजारच्या स्तंभात ‘लेन’ सूत्राने लांबी मोजा, मग फिल्टर लावा. लांबी बारापेक्षा जास्त, अमुक अक्षर आहे, तमुक आहे. लिनक्सवाल्यांना ‘ग्रेप’ ही शोधायची आज्ञा माहीत असेल. त्यात ^ म्हणजे शब्दाची सुरुवात, $ म्हणजे शेवट, आणि टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर. नागपूरची सहा अक्षरं एकाच सूत्रात बसवण्याची खटपट करू नका. चाळणीखाली चाळणी धरतात तसं करा: आधी पी असलेले शब्द काढा, त्यातून यू असलेले, त्यातून जी असलेले. सर्वांत दुर्मीळ अक्षर पहिल्या चाळणीत ठेवलं की मागे फार थोडे उरतात. शेवटी लांबीनुसार उतरत्या क्रमाने लावा. मे महिन्यात दुपारी बाहेर पाय टाकायची सोय नसते, तेव्हा पोरांना हे काम द्या.

भाऊ, अॅप वापरून राहिलो तर चीटिंग होते का?

डाव चालू असताना, हो. डाव संपल्यावर ‘माझ्या सात अक्षरांतून काय झालं असतं?’ हे बघणं म्हणजे सराव, आणि तो जरूर करा. शब्दकोडं एकट्याने सोडवत असाल तर तुमचं तुम्ही ठरवा, पण निदान एक कप चहा संपेपर्यंत तरी थांबा.

एका यादीत शब्द आहे, दुसऱ्या यादीत नाही. कोणती खरी मानायची?

डाव सुरू होण्याआधी जी ठरली ती. उत्तर अमेरिकेत स्पर्धांची यादी वेगळी आहे. आपल्याकडे स्पर्धा कॉलिन्सच्या यादीवर होतात. तिच्या 2019 च्या आवृत्तीत दोन ते पंधरा अक्षरांचे 2,79,496 शब्द आहेत. त्यात विशेषनामं नाहीत, म्हणून ‘नागपूर’ लावता येत नाही, कितीही वाईट वाटलं तरी. पंधरापेक्षा लांब शब्दही त्यात मिळायचे नाहीत; त्यांच्यासाठी मोठा शब्दकोश उघडा. वेबसाइटवरच्या फुकट याद्यांत मात्र माणसांची नावं, गावांची नावं, चुकीची स्पेलिंगं सगळं मिसळलेलं असतं, म्हणून त्यातून सापडलेला लांब शब्द वहीत चढवण्याआधी शब्दकोशात बघूनच घ्या.

मुलांना हे कितवीपासून शिकवावं?

चौथी-पाचवीपासून चालेल, पण लांब शब्दांनी सुरुवात करू नका. आधी दोन आणि तीन अक्षरी शब्द येऊ द्या. मग एकच मूळ द्या, समजा ‘ॲक्ट’, आणि पुढून-मागून काय काय जोडता येतं ते त्यांनाच बघू द्या. इंटरअॅक्टिव्हपर्यंत ती स्वतःच पोचतात. याद्या लिहून काढायला लावलं तर पुढच्या रविवारी पोरगं क्रिकेट खेळायला निघून जातं, आणि त्याचं काही चुकत नाही.